विमानाने लाल बांधलं

कुमासी, बुधवार, ६ मार्च १९९१

सेर्वा पोरी,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी रागावू दे. तुमच्या विमान कंपनीत एवढं मोठं माणूस गेलं, आणि तुझ्या सख्ख्या मामाला ते आकाशाकडे बघून कळावं? तू तिथे अक्राच्या हँगरमध्ये विमानं दुरुस्त करतेस, तुला तर पहिल्या दिवशीच कळलं असणार. दोन ओळी लिहायला हात मोडला होता का?

दुपारचं विमान आमच्या पत्र्यांवरून उतरतं हे तुला ठाऊक आहे. इतकं खालून जातं की कोंबड्या अजून दचकतात. सोमवारी मी अंगणात बसलो होतो, वर पाहिलं तर विमानाच्या पोटाला लाल कापड. काल पुन्हा तेच. आपल्यात घरचं माणूस गेलं की आपण लाल बांधतो, कंपनीनेही रीत पाळली हे बघून मला बरंच वाटलं. पण गेलं कोण? नाताळात तू लिहिलं होतंस की तुमच्या लार्तेसाहेबांचं ब्लडप्रेशर वाढलंय. म्हणून मी आपलं धरून चाललो की तेच गेले. बसवाल्या ओफोरीच्या हाती रीतीप्रमाणे श्नॅप्स दारूची बाटली त्यांच्या घरच्यांसाठी हँगरच्या पत्त्यावर पाठवली आहे. आपल्या अमोआतेंगच्या घरातून कोणी विचारपूस केली नाही असं कोणी म्हणायला नको.

तुझ्या आईचा डोळा कसा आहे? मोतीबिंदू काढल्यावर रस्त्याचे धक्के नकोत असं डॉक्टर म्हणाले, म्हणून तू तिचं तेवीस तारखेचं विमानाचं तिकीट काढलंस ते छान केलंस. मात्र सुतकातल्या विमानात बसलेलं चालतं का, तेवढं विचारून कळव.

आता आशीर्वाद.
यॉ मामा


अक्रा, शनिवार, ९ मार्च

मामा,

तुमची बाटली पोचली. ज्यांच्या मरणाची होती त्यांनीच ती घेतली! लार्तेसाहेबांनी तुमची चिठ्ठी सगळ्या हँगरला वाचून दाखवली. आमच्या पूर्वजांसाठी चार थेंब जमिनीवर शिंपडले आणि उरलेली घरी नेली. जाता जाता म्हणाले, "तुझ्या मामाला सांग, पुढच्या वेळी मरेन तेव्हा आधी कळवीन." सगळे पोट धरून हसत होते, मी मात्र भिंतीत शिरायला जागा शोधत होते.

कोणी गेलेलं नाही. तुम्ही पाहिलं ते कापड नाही, दिवा आहे. विमानाच्या पोटाखाली एक लाल दिवा असतो, लुकलुकत राहतो, दुसऱ्या विमानांना लांबून दिसावं म्हणून. उन्हात त्याची तिरीप पडली की काहीतरी हलतंय असं वाटतं. मागे एकदा पंखाच्या कडेच्या बारीक काड्या बघून तुम्ही मला विचारलं होतं की झाडू अडकून राहिलाय का. आठवतं? त्या काड्या अंगावर साचलेली वीज हवेत सोडून देतात. पोटाखालच्या माशाच्या परासारख्या पट्ट्या म्हणजे रेडिओचे एरियल, आणि वाकडी नळी दिसते तिच्यातून हात धुतलेलं पाणी जातं. विमानाच्या अंगावर उगाच म्हणून काही नसतं, मामा. प्रत्येक गोष्टीला काम आहे आणि नाव आहे.

आईचा डोळा बरा आहे. पट्टी निघाली, पण अजून धूसर दिसतं. विमानात बसायचं म्हणून रोज नवा पोशाख काढून बघते.

सेर्वा


कुमासी, मंगळवार, १२ मार्च

सेर्वा,

तीस वर्षं ट्रक चालवला मी. दिवा कशाला म्हणतात आणि कापड कशाला, हे मला तू शिकवणार? पत्र मी तीनदा वाचलं आणि तीनदा अपमान वाटला. लार्तेसाहेब जिवंत आहेत याचा आनंद आहे, बाटलीचं दुःखही नाही. पण माझे डोळे काही तुझ्या आईचे नाहीत.

काल मुद्दाम कुंपणापाशी जाऊन उभा राहिलो. केंकेचे, मक्याचे गोळे विकणारी तिवा बरोबर होती, तिलाही दाखवलं. कापड हातभर लांब. पंखांच्या जरा मागे, पोटाच्या उजव्या अंगाला. वाऱ्याने ताणलेलं असतं आणि टोक फडफडतं. दिवा मलाही दिसला, तो निराळा, मधोमध आहे आणि लुकलुकतो. झालं समाधान? तिवा म्हणते, कुठेतरी दुसरं विमान पडलं असेल, त्याच्यासाठी या विमानाने बांधलंय. तिचं ऐकून बाजारातल्या दोघींनी अक्राला विमानाने जायचा बेत रद्द केला. मी तिला ओरडलो, पण रात्री मलाही झोप लागली नाही.

एवढं हातभर कापड तुमच्या हँगरमध्ये कुणाला दिसत नाही? तुम्ही विमानाखाली वाकून बघता की वरूनच पुसता?

यॉ मामा


अक्रा, गुरुवार, १४ मार्च

मामा,

माफ करा. मी हसायला नको होतं.

तुमचं पत्र वाचलं आणि लगेच लिहिते आहे. आमच्याकडे लाल फीत खरंच असते. विमान दुरुस्तीला उभं असताना काही भाग चुकून हलू नयेत म्हणून आम्ही त्यांत लोखंडी पिना घालतो. विसरू नये म्हणून प्रत्येक पिनेला हातभर लाल फीत असते, आणि तिच्यावर लिहिलेलं असतं की उडण्याआधी काढा. हँगरच्या भिंतीवर फळा आहे. प्रत्येक पिनेचा आकार त्यावर पांढऱ्या रंगाने काढलेला. पीन लावली की ती जागा रिकामी दिसते आणि विमान बाहेर सोडत नाहीत.

आज सकाळी आल्या आल्या फळा बघितला. भरलेला आहे, एकही जागा रिकामी नाही. मग विमानाखाली गेले. काहीच लटकत नाहीये, मामा. उजवीकडे नाही, डावीकडे नाही.

मला नीट सांगा. शेवटचं कधी पाहिलंत? आमच्याकडे विमानं दोन आहेत, एकाच्या शेपटीवर पिवळा पट्टा आहे, दुसऱ्याच्या हिरवा. कापड कोणत्या विमानाला होतं? तुम्ही सांगता त्या जागी एका झाकणामागे एक वस्तू आहे, तिचा विचार मला करायचा नाही. आईला यातलं काही कळवू नका.

सेर्वा


कुमासी, शनिवार, १६ मार्च

सेर्वा पोरी,

काळजी सोड, आनंदाची बातमी आहे. सुतक फिटलं!

विमान पिवळ्या पट्ट्याचं. मंगळवारपर्यंत मी स्वतः कापड पाहिलं. बुधवारी पाहिलं तर नाही. गुरुवारी नाही, काल नाही, आजही नाही. कुंपणापाशी आता पोरासोरांची गर्दी होते, त्यांनाही विचारलं. ज्याने कुणी बांधलं असेल त्याने सोडलं. तिवाच्या गिऱ्हाइकांचाही जीव भांड्यात पडला, त्या दोघी बायका पुन्हा तिकिटाच्या रांगेत गेल्या म्हणे. तू म्हणतेस तशी पिनेची फीत असेल तर तुमच्याच कोणीतरी काढली असणार आणि तुला सांगायचं राहिलं असणार. तुमच्या साहेबाला मेलेला समजून दारू पाठवणारे लोक असतात, तसे पीन काढून न सांगणारेही असतात.

आता निवांतपणे माझ्या बहिणीला पाठव. आठवडाभर मी तिला ताडाच्या फळांच्या रश्शाबरोबर फुफू खायला घालणार आहे. अक्राला तुम्ही लोक फुफू कुटता की नुसतं थोपटता देव जाणे.

यॉ मामा


अक्रा, सोमवार, १८ मार्च

मामा,

तुम्हाला ज्याने बरं वाटलं त्यानेच माझ्या तोंडचं पाणी पळालं आहे. फीत कोणी सोडली नाही. मी एकेकाला विचारलं. ती तुटून पडली आहे. म्हणजे पीन आत आहे आणि आता ती कोणालाच दिसणार नाही.

नीट ऐका. त्या जागी झाकणामागे एक छोटा पंखा दुमडून ठेवलेला असतो. एरवी तो कधीच बाहेर येत नाही. दोन्ही इंजिनं बंद पडली, सगळी वीज गेली, तर तो आपोआप खाली पडतो, वाऱ्याने गरगर फिरतो आणि त्याच्या जोरावर वैमानिक विमान कसंबसं वळवून उतरवतो. त्याच्याशिवाय विमान हातात राहत नाही. पीन आत असेल तर तो पंखा पडणार नाही. रोजच्या उड्डाणात काहीही जाणवत नाही, म्हणून वैमानिकालाही कळत नाही. आणि पिवळ्या पट्ट्याच्या त्या विमानाचं डावं इंजिन महिन्यात दोनदा कुरकुरलं आहे.

फळा भरलेला का आहे तेही आता कळलं. विमान जानेवारीत मोठ्या तपासणीसाठी परदेशी गेलं होतं. पीन तिकडच्या लोकांची, त्यांनी ती विसरून वर झाकण बसवलं असणार. फीत आत दुमडलेली राहिली आणि हळूहळू फटीतून बाहेर आली. आमच्या फळ्यावर त्यांच्या पिनेला जागाच नाही!

लार्तेसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, "कोण म्हणतं पीन आहे? तोच मामा, ज्याने मला पुरलं?" झाकण उघडायचं तर पंखा पाडून परत बसवावा लागतो, चाचणी करावी लागते, कित्येक तास विमान उभं. हिरवं विमान आधीच बंद पडलेलं आहे. त्यांच्या सहीशिवाय झाकणाच्या स्क्रूला हात लावायचा नाही हा नियम आहे. मी हट्ट धरला तर त्यांनी मला विमानावरून काढून चाकांच्या खोलीत टाकलं. टायर मोजत बसले आहे.

आईला बसने पाठवू का? डॉक्टरांना विचारलं, ते नाहीच म्हणतात, धक्क्याने डोळा जाईल. तिकीट पुढे ढकलू म्हटलं तर ती रडायला लागली, म्हणाली, तुला मी नकोशी झाले का. तिला खरं सांगितलं तर ती पुन्हा कधीच विमानात बसणार नाही. पण शनिवारी ती त्याच विमानात बसणार आहे.

मामा, ती फीत तुमच्याच आसपास कुठेतरी पडली आहे. ती मिळाली तर साहेबांच्या टेबलावर ठेवीन. शोधा. माझा जीव टांगणीला लागला आहे.

सेर्वा


कुमासी, गुरुवार, २१ मार्च

सेर्वा,

मिळाली.

तुझं पत्र वाचलं आणि तसाच वस्तीच्या मुखियाकडे गेलो. तो म्हणाला, "यॉ, म्हाताऱ्या, कापडाच्या तुकड्यासाठी दवंडी?" म्हटलं, माझ्या बहिणीच्या जिवाचा प्रश्न आहे. त्याने दवंडी पिटवली, की आकाशातून पडलेलं लाल कापड ज्याला मिळालं असेल त्याने घेऊन यावं. तासाभरात तिघे आले. एकाने फाटका झेंडा आणला. दुसरीने परकर आणला, म्हणे वाऱ्याने दोरीवरून उडाला होता तो आकाशातूनच पडला. तिसऱ्याने नुसतंच सांगितलं, की कापड सेचेरे म्हातारीकडे आहे.

सेचेरेचा नवरा गेल्या महिन्यात गेला. बुधवारी ती कसाव्याच्या शेतात होती. डोक्यावरून विमान गेलं आणि फीत तिच्या पुढ्यात पडली. तिची समजूत झाली की नवऱ्याने पाठवली. दंडाला बांधून बसली होती आणि सोडायला तयार नव्हती. मी सांगितलं, ही विमानाची वस्तू आहे. ती म्हणाली, "विमानाला माझ्यापेक्षा जास्त दुःख आहे का?" शेवटी माझं स्वतःचं सुतकाचं लाल वस्त्र, माझ्या आईच्या मयताच्या वेळचं, घरून आणून तिच्या खांद्यावर घातलं, तेव्हा तिने दंड पुढे केला. गाठ मीच सोडली. ती रडत होती, आणि खरं सांगतो, मीही.

फितीवर इंग्रजी अक्षरं आहेत. शाळामास्तरांनी वाचली, तू म्हणालीस तेच लिहिलंय. एका टोकाला पितळी कडं आहे, ते उघडून सरळ झालंय. उद्या सकाळच्या गाडीने ओफोरी घेऊन निघतो. संध्याकाळी तुझ्या हातात पडेल. पडली की लार्तेच्या नाकासमोर धर. आणि तरीही तो ऐकला नाही तर माझ्या बहिणीला घरात कोंडून ठेव. डोळा गेला तरी चालेल.

यॉ मामा


अक्रा, शनिवार, २३ मार्च, संध्याकाळ

मामा,

आई तुमच्याकडे पोचली असेल. पोचली असेल असं लिहिताना बोटं थांबतात, पण विमान उतरल्याचा निरोप इथे आला आहे, म्हणजे पोचलीच.

तुमचं पत्र काल टपालाने मिळालं, पण ओफोरीची गाडी आलीच नाही. एनकॉकाच्या चढावर तिचा एक्सल मोडला. मी बसस्टँडवर अंधार पडेपर्यंत उभी होते. आज सकाळी आईला कोंडायचा विचार केला. दाराला कुलूपही लावलं. तिने आतून हाका मारल्या, मग शेजारणीला हाका मारल्या, शेजारणीने तिच्याकडच्या जादा किल्लीने कुलूप उघडलं. मी अंघोळीहून आले तर ती टॅक्सीत बसून निघून गेलेली.

मी धावत विमानतळावर गेले. लोक शिडी चढत होते. नव्या निळ्या कापडातली आई मला पाठमोरी दिसली. लार्तेसाहेब शिडीपाशी उभे होते. त्यांना म्हटलं, साहेब, फीत सापडली आहे, रस्त्यात आहे. त्यांनी मला हाताने बाजूला केलं. मग मी काही विचार केला नाही. चाकांच्या खोलीतून स्क्रूड्रायव्हर घेतला आणि सगळ्यांच्या देखत विमानाच्या पोटाखाली जाऊन पाठीवर आडवी झाले. चाकाजवळ माणूस आडवं असलं की इंजिन सुरू करता येत नाही.

साहेब ओरडत होते. शिपाई माझे पाय धरून ओढत होते. दोघे ओढत होते आणि मी एका हाताने झाकणाची कड धरून दुसऱ्या हाताने स्क्रू काढत होते. झाकण माझ्या छातीवर पडलं. पीन तिथेच होती, मामा. जिथे असेल असं मी म्हटलं होतं तिथेच. वर घासलेल्या फितीचे चार लाल धागे.

ओढणं थांबलं. साहेब वाकून पोटाखाली आले आणि त्यांनी पीन बघितली. मग त्यांनीच ती काढली आणि खिशात घातली. पंख्याची तपासणी करून विमान सोडलं, तोवर सगळे प्रवासी आतच बसून होते. मला म्हणाले, "घरी जा. बोलावू तेव्हा ये." बोलावतील की काढतील, माहीत नाही. आत्ता मला त्याचं काही वाटत नाही. आई वाचली एवढंच मनात येतंय.

ओफोरी आत्ता येऊन फीत देऊन गेला. टेबलावर ठेवली आहे.

सेर्वा


कुमासी, मंगळवार, २६ मार्च

सेर्वा पोरी,

तुझी आई शनिवारी उतरली ती भांडतच. तुझं पत्र तोवर आलं नव्हतं, म्हणून काय झालं ते मला तिच्या तोंडून कळलं. म्हणाली, "तासन् तास उन्हात बसवून ठेवलं! कोणी एक पोरगी विमानाखाली जाऊन पडली होती. खिडकीतून तिचे नुसते पाय दिसत होते, शिपाई ओढत होते. माझ्या डोळ्याला ऊन लागत होतं, मी सरळ त्या पोरीच्या आईचा उद्धार केला. हिला कोणी वळण लावलं, म्हटलं!" मी चेहरा तसाच ठेवला. रश्शाचं भांडं तिच्यासमोर सरकवलं.

काल तुझं पत्र आलं. मला राहवलं नाही, आधीच्या पत्रांसकट वाचून दाखवलं. तू आईला सांगू नका म्हणाली होतीस, पण मी म्हातारा झालो आहे, एवढं मोठं ओझं मला पेलत नाही. ती ऐकत गेली. रडली. हसली पण, स्वतःचाच उद्धार केला म्हणून. मग विचारलं, सकाळी सेर्वाने काही खाल्लं होतं का? मी म्हटलं, ते तिने लिहिलेलं नाही.

नंतर ती आत जाऊन पडली. मला वाटलं झोपली. थोड्या वेळाने उठून आली आणि म्हणाली, "यॉ, तिला गेल्या सोमवारीच कळलं होतं ना?" मी म्हटलं, हो. "सोमवार, मंगळवार, बुधवार ते विमान रोज उडत होतं. लोकांना घेऊन." मी म्हटलं, हो. "मग ती मंगळवारी का नाही आडवी झाली?"

मला लाज वाटली, कारण दवंडी देताना मीही म्हटलं होतं, माझ्या बहिणीच्या जिवाचा प्रश्न आहे. त्या दोघी बाजारातल्या बायकाही गेल्या आठवड्यात त्याच विमानाने अक्राला गेल्या. मला त्यांची आठवणही झाली नाही.

आई रागावलेली नाही. पण तिला उत्तर हवं आहे. तू लिही.

यॉ मामा


अक्रा, शुक्रवार, २९ मार्च

आई,

मामांच्या पत्राला उत्तर म्हणून हे तुलाच लिहिते.

आज साहेबांनी बोलावलं होतं. मला काढलेलं नाही. झाकण नेहमीच्या तपासणीत उघडलं असं लेखी दे, मग सगळं मिटेल, असं ते म्हणाले. मी म्हटलं, सोमवारपासूनचं सगळं लिहीन, माझी चूक धरून. ते म्हणाले, विचार कर. मी विचार केला आहे. उद्या देते.

तू विचारलंस मंगळवारी का नाही. मी गेले दोन दिवस दुसरं काही उत्तर सापडतंय का ते बघत होते. नाही सापडलं. शनिवारी त्या विमानात तू नसतीस, तर मी साहेबांना आणखी एकदा विचारलं असतं, ते नाही म्हणाले असते, आणि मी घरी येऊन जेवले असते.

सेर्वा